दृष्टी तशी सृष्टी, पण कोणाची दृष्टी?

हल्ली कीर्तनात एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. 'दृष्टी तशी सृष्टी.' कोणत्याही गावचा सप्ताह घ्या. सात दिवसांत निदान तीन-चार महाराज हे वाक्य म्हणणार, मृदंगावर थाप पडणार, मंडळी माना डोलावणार आणि महाराज पुढच्या चरणाकडे वळणार. वाक्य खोटे नाही. आळंदीत चार वर्षे गुरुजींच्या पायाशी बसून 'विचारसागर' आणि 'पंचदशी' ऐकली, त्यातले बरेचसे चिंतन याच वाक्याच्या आसपास फिरते. माझी तक्रार वाक्याबद्दल नाही. ते कोणाला ऐकवले जाते आणि कोणाला त्यातून मोकळे सोडले जाते, याबद्दल आहे. आता माझा आवाज बसला, गुडघे गेले, उभे राहून कीर्तन होत नाही. तारखा जातील ही भीती उरलेली नाही. म्हणून जे पन्नास वर्षे पाहिले ते आडपडदा न ठेवता लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या दशक्रियेला गेलो होतो. गाव सांगत नाही, प्रवचनकारांचे नावही सांगत नाही. घरचा कर्ता पुरुष, चाळिशीच्या आतला, कर्जापायी जीव देऊन बसला होता. घाटावर प्रवचन सुरू होते. महाराज तरुण, गळा गोड, पाठांतर चांगले. बोलता बोलता म्हणाले, "दुःख बाहेर नसते, माउली, ते आपल्या दृष्टीत असते. दृष्टी बदलली असती तर आज ही वेळ आली नसती." समोर त्याची बायको दोन लेकरे कुशीला घेऊन बसली होती. ओळीने तीन वर्षे विहिरीने तळ दाखवला होता. सोसायटीचे थकले होते, वर खाजगी सावकाराचे व्याज होते. हे त्या बाईने रोज पाहिले होते, महाराजांनी एक दिवसही पाहिले नव्हते. आणि न पाहणारा पाहणारीला सांगत होता की तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत दोष होता.

याला निरूपण म्हणायचे का? तुकोबारायांच्या चरित्रात १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ येतो. घरात बायको गेली, मुलगा गेला. महाजनाचे घर, लोकांकडे येणे होते, कागद होते. परंपरा सांगते की त्यांनी धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. कुळांना बोलावून 'बाबांनो, कर्ज हा दृष्टीचा खेळ आहे' असे त्यांनी सांगितले नाही. खरा खेळ कोणता आणि खरे ओझे कोणते, हे त्यांना कळत होते. ओझे होते ते नदीत गेले.

शास्त्रात हा भेद अगदी स्वच्छ केलेला आहे. विद्यारण्यस्वामींच्या 'पंचदशी'चे चौथे प्रकरण, द्वैतविवेक. ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल, ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी साध्या भाषेत सांगतो. द्वैत दोन प्रकारचे. एक ईश्वराने केलेले आणि दुसरे जिवाने केलेले. रत्न हे ईश्वराचे. ते सापडले म्हणून एक जण नाचतो, आपल्याला मिळाले नाही म्हणून दुसरा जळतो, विरक्त माणूस नुसते पाहून पुढे जातो. रत्नात काही फरक पडला नाही. नाचणे, जळणे आणि उदासीन राहणे ही ज्याची त्याची घडण. मग स्वामी आणखी एक दाखला देतात आणि तो तर काळजाला भिडतो. मुलगा परदेशी खुशाल आहे, पण कोणी लबाडाने येऊन 'गेला' म्हणून सांगितले, तर बाप छाती पिटून रडतो. आणि मुलगा खरोखर गेला, पण वार्ता आली नाही, तर तोच बाप निवांत जेवतो. म्हणजे बापाला रडवणारा मुलगा बाहेरचा नव्हे, आतला.

हे वाचून काही जण घाईने निष्कर्ष काढतात की बाहेरचे काहीच खरे नाही. स्वामींनी तसे म्हटलेले नाही. बाहेरची सृष्टी व्यवहारात जशीच्या तशी राहते. बांधतो तो आतला पसारा, आणि आवरायचा तोही आतलाच. आता विचारतो, त्या शेतकऱ्याची कोरडी विहीर कोणत्या वर्गात बसते? ती जिवाच्या कल्पनेने आटली नव्हती. मग ती त्याच्या मनाच्या खात्यावर का मांडली? आणि जे खरोखर आपण आपल्या मनाने तयार केलेले असते, ते मात्र आपण ईश्वराचे म्हणून डोक्यावर मिरवतो. या दोन खात्यांची अदलाबदल हा आजच्या कीर्तनाचा मोठा दोष आहे. दुसऱ्याच्या खऱ्या दुःखाला भास म्हणायचे आणि आपल्या भासाला अनुभव म्हणायचे.

पालखी सोहळ्यातले एका मुक्कामाचे सांगतो. पाऊस झालेला, तळावर चिखल, सगळे भुकेने कासावीस. गावाबाहेरच्या एका वस्तीतून दिंडीसाठी भाकरीच्या चळती आल्या, घमेलेभर पिठले आले, ठेचा आला. पंगत बसली. आमच्यातले एक टाळकरी, वयाने माझ्याच बरोबरीचे, वीस वाऱ्या झालेले, दोन भाकरी खाऊन वर पुन्हा पिठले मागून घेतले. हात धुताना म्हणाले, "आजीच्या हातची चव आठवली." अर्धा तास गेला. तंबूत आडवे झाले. तेवढ्यात वाढपी पोराने बोलता बोलता ती वस्ती कोणाची ते सांगितले. टाळकरी उठून बसले, तोंड कसेसेच झाले, तंबूमागे गेले आणि सगळे उलटून पडले. परत येऊन म्हणाले, "बघा महाराज, मी काही बोलत नाही. मनात माझ्या काही नाही. पण देहालाच चाललं नाही." आणि तिथे बसलेल्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "अनुभव आहे हो. अनुभवाला काय उत्तर?"

उत्तर आहे, आणि ते आपल्याच घरात आहे.

पहिली गोष्ट, त्यांची उलटी खोटी नव्हती. ते ढोंग करत होते असे मी म्हणणार नाही. पोट खरोखर ढवळले, घाम खरोखर फुटला. पण ढवळले कशाने? पिठले अर्धा तास पोटात सुखाने होते. नवीन आत गेला तो एक शब्द, आणि तो कानाने गेला. त्याच घमेल्यातले आम्ही चाळीस-पन्नास जण जेवलो, रात्रभर कोणाला काही झाले नाही. म्हणजे पिठले ईश्वराचे आणि 'त्यांचे' हे जिवाचे. विद्यारण्यांचा बाप नसलेल्या मरणाने रडला, आमचे टाळकरी नसलेल्या विटाळाने ओकले. रडणे खरे, ओकणे खरे, कारण मात्र बनावट.

मन इंद्रियांवर किती चढते, याची उदाहरणे पाश्चात्त्यांनीही गोळा केली आहेत. एक सांगतो. उदाहरण दारूचे आहे, माळकऱ्यांनी क्षमा करावी. फ्रान्समध्ये बोर्दो नावाचे शहर द्राक्षांच्या मद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे मद्याची परीक्षा करण्याची विद्या शिकवली जाते. २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरे मद्य ठेवले आणि तेच मद्य, ज्याला वास-चव नाही असा तांबडा रंग घालून, पुन्हा ठेवले. वास घेऊन वर्णन करा म्हटल्यावर त्या शिकलेल्या नाकांनी रंगवलेल्या मद्याला तांबड्या मद्याचेच शब्द लावले. नाकाने जे सांगायचे ते डोळ्याने आधीच सांगून टाकले होते. ती मंडळी खोटे बोलत नव्हती. त्यांना तसाच वास आला. तेव्हा 'मला वास येतो हो' असे कोणी कोणाच्या घराबद्दल, कपड्याबद्दल, घामाबद्दल म्हणू लागला की हा प्रयोग आठवावा. वारीत वीस दिवस चालून आपणा सर्वांच्या घामाला एकच वास येतो. नाक त्यातून निवड करते आणि निवड कशावरून करते ते सांगायला नको.

आपल्याकडच्या तार्किकांनी हे फार आधी ओळखले. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हा शास्त्रातला ठरलेला दृष्टांत. ज्वर आलेल्याला दूध कडू लागते, हे घराघरातले. पण या दृष्टांतात एक मेख आहे. काविळीच्या माणसाला दहा जण सांगतात, 'अरे, शंख पांढरा आहे,' आणि तो मानतो. 'माझ्या डोळ्यांचे काही खरे नाही' म्हणून वैद्याकडे जातो. जिथे दहाही जणांना एकच कावीळ झालेली आहे तिथे काय करायचे? तंबूत तेच झाले. टाळकऱ्यांनी पिवळे म्हटले, उरलेल्यांनी पिवळे म्हटले आणि त्याला अनुभव असे नाव मिळाले. अशा वेळी अकराव्याला विचारावे लागते आणि तो अकरावा वस्तीत चुलीपुढे बसलेला असतो. धूर डोळ्यांत घेऊन ज्या बाईने त्या भाकरी थापल्या, तिला त्या भाकरीत काय दिसत होते? वारकऱ्यांच्या रूपाने पांडुरंग जेवणार, हे दिसत होते. शंख कोणाला पांढरा दिसत होता, ते ठरवा.

आता अनुभवाबद्दल. आपल्या संप्रदायात अनुभवाला मोठे स्थान आहे आणि ते असावेच. पण हा शब्द संतांच्या तोंडचा आहे म्हणून आपल्या तोंडात गेल्यावर त्याची किंमत तीच राहते असे नाही. नामदेवराय घ्या. देव त्यांच्याशी बोलत होता, हातचा नैवेद्य खात होता. असा भक्त गोरोबाकाकांच्या थापटण्याला कच्चा ठरला आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेला. तिथे काय पाहिले? एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून निजला आहे. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. राग आला. विसोबा म्हणाले, 'मला पाय उचलवत नाहीत, जिथे देव नसेल तिथे तूच नेऊन ठेव.' पाय ठेवील तिथे पिंडी. ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो आणि पुढे सरकतो. मला त्यातला आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. प्रत्यक्ष देवाशी बोलणाऱ्याच्या डोळ्यांनीसुद्धा आधी पाय पाहिले, माणूस पाहिला नाही. नामदेवरायांचा तो अनुभव कच्चा असेल, तर तुमचा-माझा कोणत्या भट्टीतून भाजून निघाला आहे?

आणि पुढचे पाहा. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळलेली. ती निवडायची कशी? परंपरा सांगते की नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी धरले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती हाडे पंढरीला आणली. जग ज्या देहाच्या सावलीला भीत होते, त्याची हाडे नामदेवराय हातात घेऊन कानाला लावत होते. औंढ्याचे डोळे आणि मंगळवेढ्याचा कान यांत जे अंतर आहे, तेवढे चालून आलेला माणूस 'अनुभव' हा शब्द वापरू शकतो. आज चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. आपण नामदेव पायरीला हात लावण्याआधी तिथे वाकतो. वाकून आत जातो, दर्शन घेतो, बाहेर येऊन पाण्याचा ग्लास कोणी भरला ते पाहतो.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचा निर्णय झाला. त्या वेळी काही मंडळींनी मंत्र म्हणून देवाचे तेज पाण्याच्या घागरीत काढून घेतले, अशी हकीकत पंढरपुरात जुनी माणसे सांगत. तरुणपणी ती ऐकली तेव्हा हसू आले होते. आता येत नाही. ज्यांनी तसे मानले, त्यांना नंतर विटेवर काय दिसत असेल? शिळा. आणि ज्यांच्या बापजाद्यांनी महाद्वारातूनच हात जोडून परत जायचे, त्यांनी पहिल्यांदा आत पाऊल टाकले तेव्हा त्यांना काय दिसले असेल? मूर्ती तीच, समचरण तेच, कमरेवरचे हात तेच. घागर मात्र एकाच्याच मनात भरलेली.

माझ्या परिचयाचे एक विद्वान आहेत, त्यांचा आक्षेप असा की गीतेने सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस भेद केलेले आहेत, तेव्हा अन्नशुद्धीचा विचार करू नये काय? जरूर करावा. तो अध्याय उघडून बसावे आणि माउलींचे त्यावरचे निरूपण सावकाश वाचावे. अन्न रसाळ आहे की नाही, स्निग्ध आहे की नाही, अति तिखट आहे का, शिळे आहे का, उष्टे आहे का, हे तिथे मिळेल. म्हणजे अन्नाचे गुण मिळतील. भाकरी थापणाऱ्याचे आडनाव विचारायची सूचना तिथे नाही. उलट, शिळा शिरा घरातल्या माणसाने दिला म्हणून आपण डोळे मिटून खातो, तेव्हा गीता कुठे जाते?

पैठणला नाथबाबांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक होता. त्याचा वास रस्त्याने जाणाऱ्या, गावाबाहेर राहणाऱ्या कुटुंबाला आला आणि त्यांच्या लेकराची भूक खवळली. ते बोलणे नाथांच्या आणि गिरिजाबाईंच्या कानी पडले. पितरांसाठी केलेले ताट त्यांना वाढले गेले. गावचे ब्राह्मण रुसले, ते अन्न आता विटाळले म्हणाले. इथे एकाच वासाचे दोन अर्थ पाहा. लेकराच्या नाकाला ती भूक होती आणि पंक्तीच्या नाकाला तो अधिकार होता. गिरिजाबाईंनी पुन्हा चूल पेटवली, हे कीर्तनात कोणी फारसे सांगत नाही. दोनदा स्वयंपाक त्यांनी केला.

आता कोणी म्हणेल, 'महाराज, पटते सगळे. पण किळस येतेच, ती काय हाताने येते?' हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यावे लागते. पौर्णिमेला चंद्र उगवताना पाहा. परातीएवढा दिसतो. मध्यरात्री डोक्यावर आला की वाटीएवढा. हात लांब करून करंगळीचे नख आड धरा. दोन्ही वेळा त्याच नखाने झाकला जातो. हे एकदा करून पाहिले तरी पुढच्या पौर्णिमेला चंद्र पुन्हा परातीएवढाच दिसतो. ज्ञानाने दिसणे थांबत नाही. पण उगवताना मोठा दिसला म्हणून कोणी पंचांग बदलत नाही, पौर्णिमा दोन तिथींची करत नाही. तसेच हे. लहानपणापासून भरवलेली किळस एका कीर्तनाने जाणार नाही. येऊ द्यावी. तिच्या सांगण्यावरून पंगतीतून उठू नये, एवढेच आपल्या हातात आहे. अंतःकरण शुद्ध होईल तेव्हा होईल, तोवर पाय तरी जागेवर राहावेत. ज्यांना आधी किळस जायला हवी आणि मग पंगतीला बसायचे आहे, त्यांनी पोहता आल्यावरच चंद्रभागेत उतरायचे ठरवले आहे.

तरुण कीर्तनकारांना एक विनंती. 'दृष्टी तशी सृष्टी' हे वाक्य तुम्ही सोडू नका. मात्र दशक्रियेच्या घाटावर, दवाखान्यात, करपलेल्या रानाच्या बांधावर ते म्हणू नका. तिथे त्या माणसाचे ऐका, जमले तर सोसायटीच्या सचिवाला जाऊन भेटा. ते वाक्य पंगतीच्या कडेला उभे राहून म्हणा, पुढे बसलेल्या प्रतिष्ठितांकडे तोंड करून म्हणा. टाळ्या कमी पडतील. पुढच्या वर्षी त्या गावची तारीख मिळणार नाही, हेही शक्य आहे.

आमच्या दिंडीत गेली दोन वर्षे एक पद्धत सुरू केली आहे. वाढपी आणि पाणी भरणारे चिठ्ठी काढून ठरतात. नाव निघेल त्याने त्या दिवशी वाढायचे, मग तो कोणत्या का गावचा, कोणत्या का आळीचा असेना. चिठ्ठ्या सगळ्यांत लहान मुलगी काढते आणि विणेकरी नाव वाचतात. पहिल्या वर्षी तिघांनी तंबू हलवला आणि दुसऱ्या दिंडीत गेले. त्यातले एक गेल्या आषाढीला तरडगावच्या मुक्कामी परत आले, पंगतीत शेवटच्या जागी बसले. त्या दिवशी चिठ्ठी कोणाची निघाली आहे, ते त्यांनी विचारले नाही. भाकरी घेतली, पिठले घेतले, हात धुऊन टाळ घेतले.